मंदिराची दिशा सूर्य पाहून ठरवली होती की ती योगायोगाने जुळली, हे ओळखायचे कसे?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सर्वांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलामुलींना घेऊन नुकतेच अंबरनाथचे शिवमंदिर पाहून आलो. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालेले, भूमिज शैलीचे हे मंदिर ठाणे जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पाहिलेले असते. पण ते पश्चिमाभिमुख आहे आणि गर्भगृह सभामंडपापासून सुमारे वीस पायऱ्या खाली आहे, याकडे या वेळी प्रथमच बारकाईने लक्ष गेले. तेथे एका विद्यार्थिनीने विचारले, "कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात जसा किरणोत्सव होतो, तसा येथेही कधी सूर्यप्रकाश पिंडीपर्यंत पोहोचत असेल का? आणि पोहोचत असेल, तर तो बांधणाऱ्यांनी मुद्दाम योजला असेल का?"

प्रश्न मला फार आवडला, मात्र त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. माझ्या मनात दोन शंका आहेत. पहिली अशी की होकायंत्र हाताशी नसताना जुन्या काळचे स्थपती खरी पूर्व-पश्चिम रेषा किती अचूकपणे आखू शकत होते? दुसरी शंका अधिक अवघड आहे. एखाद्या वास्तूचा अक्ष वर्षातल्या एखाद्या दिवशीच्या सूर्योदयाशी किंवा सूर्यास्ताशी जुळला, तर ती योजना होती की योगायोग, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे? स्टोनहेंज, पिरॅमिड, कोनार्क यांच्याविषयी मोबाइलवर फिरणारे संदेश मुले मला आणून दाखवतात, आणि त्यातले खरे किती व भर घातलेले किती, हे सांगताना मी अडखळते. कृपया ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

शंकुच्छाया (नेरूळ)

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर देतो. माझी सारी नोकरी भूमापनात गेली, त्यामुळे दिशा आखण्याच्या जुन्या पद्धतींविषयी मला विशेष जिव्हाळा आहे.

आपल्याकडची सर्वांत जुनी लिखित पद्धत कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात आहे. जमीन समपातळीत आणायची, मधोमध सरळ शंकू, म्हणजे उभी काठी, रोवायचा, शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढायचे आणि वाट पाहायची. सकाळी लांब असलेली सावली आखडत येते आणि तिचे टोक एका क्षणी वर्तुळाला स्पर्श करते. तेथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा वाढत जाते आणि टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाबाहेर पडते. तेथे दुसरी खूण. या दोन खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. सूर्यसिद्धांतात ही रीत आहे, आणि मयमत व मानसार या वास्तुग्रंथांत तर दिशानिश्चितीसाठी स्वतंत्र अध्याय आहे. अरबी ज्योतिर्विदांनी या पद्धतीला 'हिंदी वर्तुळ' असे नाव दिले होते. अंबरनाथच्या स्थपतींना यापेक्षा वेगळ्या कोणत्या साधनाची गरज पडली असेल, असे मला वाटत नाही.

मुलांकडून हा प्रयोग करून घेणार असाल, तर एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी. आपले ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस येथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर येतो, आणि एक मीटर उंचीच्या शंकूची सर्वांत आखूड सावलीही सुमारे ९२ सेंटिमीटर असते. त्यामुळे शंकूएवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ घेतले, तर सावलीचे टोक थोडाच वेळ वर्तुळाच्या आत राहते आणि दोन्ही खुणा एकमेकींजवळ पडतात. उज्जैनसारख्या आणखी उत्तरेकडच्या ठिकाणी तर त्या दिवसांत सावली या वर्तुळाला शिवतच नाही. हिवाळ्यात त्रिज्या मोठी घ्यावी, म्हणजे खुणांमधले अंतर वाढेल आणि रेषा अधिक खात्रीची होईल.

या पद्धतीत एक सूक्ष्म दोष आहे. सकाळची खूण आणि दुपारची खूण यांच्या दरम्यान सूर्य स्वतः किंचित उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकलेला असतो. अयनदिनांच्या, म्हणजे सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला जास्तीत जास्त गेलेला असतो त्या दिवसांच्या सुमारास (२१ जून आणि २२ डिसेंबरच्या आसपास), हे सरकणे जवळजवळ शून्य असते. संपाताच्या, म्हणजे दिवस व रात्र समान असतात त्या दिवसांच्या सुमारास (२१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास), ते सर्वांत जास्त असते. तरीही सहा तासांच्या अंतराने घेतलेल्या खुणांमुळे रेषेत येणारी चूक चार-पाच कोनमिनिटांपलीकडे जात नाही. एक अंश म्हणजे ६० कोनमिनिटे, हे लक्षात घेतले की अचूकतेची कल्पना येते. गीझाच्या खुफूच्या पिरॅमिडच्या बाजू खऱ्या दिशांपासून सरासरी तीन-चार कोनमिनिटांनीच ढळलेल्या आहेत, आणि हे काम कसे साधले याविषयी अनेक मते आहेत. केट स्पेन्स यांनी २००० साली असे सुचवले की ध्रुवबिंदूच्या दोन बाजूंना असलेले दोन तारे एकाच ओळंब्यात येण्याचा क्षण पाहून उत्तर दिशा साधली असावी, कारण आजचा ध्रुवतारा त्या काळी ध्रुवबिंदूजवळ नव्हता. ग्लेन डॅश या अभियंत्याने मात्र संपाताच्या दिवशी शंकूच्या सावलीने प्रत्यक्ष रेषा आखून पाहिली, आणि पिरॅमिडच्या बाजूंमध्ये दिसते तशीच, घड्याळाच्या उलट दिशेने किंचित वळलेली रेषा त्याला मिळाली. मला हा दुसरा तर्क अधिक पटतो, कारण त्याला एक काठी, एक दोरी आणि निरभ्र दिवस एवढेच लागते. अर्थात त्यातून केवळ शक्यता सिद्ध होते, हेही मान्य केले पाहिजे.

आता आपल्या मोजमापाविषयी. मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबून कोणताही निष्कर्ष काढू नये. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून तो त्रासदायक ठरत नाही (ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी लक्षात घ्यावे की भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेललाच आहे). खरी अडचण जवळच्या लोखंडाची असते. रेलिंग, गाड्या, दिव्याचा खांब यांमुळे मोबाइलची सुई सहज काही अंशांनी फिरते. त्यापेक्षा उपग्रहचित्रावर भिंतीची रेषा धरून कोन मोजावा, किंवा ठरावीक वेळी सूर्य ज्या दिशेला असतो ती गणिताने काढून भिंतीशी ताडून पाहावी.

आणि क्षितिज विसरू नये. कोपरीहून पूर्वेकडे पाहताना पारसिकची डोंगररांग आडवी येते. त्यामुळे आपल्याला सूर्य उशिरा दिसतो आणि दिसतो तेव्हा तो थोडा दक्षिणेकडे सरकलेला असतो. आपल्या अक्षांशावर डोंगर तीन अंश उंच असेल, तर सूर्योदयाची जागा सुमारे एका अंशाने बदलते. पंचांगातली सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिज धरून दिलेली असते. प्राचीन बांधणाऱ्यांनी मात्र त्यांच्यासमोरच्या डोंगरावर उगवणारा सूर्य पाहिला होता, म्हणून जागेवर जाऊन क्षितिजाची उंची मोजल्याशिवाय केलेले सगळे गणित अपुरे राहते.

घोडबंदर रोडवरून

दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तेथे आहे.

आधी योगायोगाची शक्यता किती मोठी असते, ते पाहू. ठाण्यात वर्षभरात सूर्योदयाची जागा नेमक्या पूर्वेच्या २५ अंश उत्तरेपासून २५ अंश दक्षिणेपर्यंत, म्हणजे एकूण ५० अंश सरकते. सूर्यास्ताचेही तसेच. म्हणजे ज्या इमारतींच्या दिशा कोणताही विचार न करता ठरल्या आहेत, अशा शंभर इमारती घेतल्या तर त्यांपैकी २८ इमारतींचा दर्शनी भाग वर्षातल्या कोणत्या तरी दिवशीच्या सूर्योदयाकडे किंवा सूर्यास्ताकडे तोंड करून असणारच. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनचे रस्ते १८११ च्या आराखड्यानुसार आखले गेले, आणि मे महिन्याच्या अखेरीस व जुलैच्या मध्याआधी मावळता सूर्य त्या रस्त्यांच्या नेमक्या टोकाशी दिसतो. हजारो लोक तो पाहायला जमतात, पण तो आराखडा सूर्य पाहून आखलेला नव्हता. तेव्हा 'अमुक दिवशी किरण आत येतात' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग हेतू कशावरून सिद्ध होतो? माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा वास्तूतच असतो. प्रकाश आत घेण्याखेरीज ज्याचा दुसरा कोणताही उपयोग सांगता येत नाही, असा भाग बांधलेला असणे हा तो पुरावा. आयर्लंडमधले न्यूग्रेंज हे सुमारे इ.स.पू. ३२०० चे समाधिस्थान त्याचे उत्तम उदाहरण आहे. आत जाणारी वाट १९ मीटर लांब आहे, आणि प्रवेशद्वाराच्या वर छतात एक वेगळी चौकट ठेवलेली आहे. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओकेली २१ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे आत बसून राहिले, आणि सूर्य उगवल्यावर प्रकाशाची तिरीप त्या चौकटीतून थेट मागच्या दालनापर्यंत आलेली त्यांनी पाहिली. दार बंद असतानाही प्रकाश आत यावा म्हणून स्वतंत्र झरोका ठेवणे, तो वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाशी जुळणे, आणि चढत जाणाऱ्या वाटेच्या जमिनीची पातळीही त्या किरणाशी जुळणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की योगायोग म्हणायला जागा उरत नाही.

आता कोल्हापूर पाहू. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी होतो. या तारखा वहीत लिहून मुलांना मोजायला सांगा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस होतात, आणि २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. म्हणजे अयनदिनाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ समान अंतरावर सूर्य त्याच जागी मावळतो. सपाट क्षितिज धरले तर त्या दिवशी कोल्हापुरातून तो नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळताना दिसतो. त्या काळात सूर्यास्ताची जागा रोज बिंबाच्या निम्म्याहून थोडी अधिक सरकते, म्हणून हा सोहळा तीनच दिवस का टिकतो, हेही आपोआप उलगडते. लांब मंडपातून, एकामागून एक असलेल्या दारांमधून, गाभाऱ्यापर्यंत किरण पोहोचणे ही अरुंद फटीतून बाण सोडण्यासारखी गोष्ट आहे; दिशा अर्ध्या-पाऊण अंशाने चुकली तरी तो भिंतीवर अडतो. महाद्वार रोडवरच्या इमारतींमुळे अडथळे येतात, याची चर्चा दरवर्षी का होते, ते यावरून समजावे.

येथे एक मुद्दा तपासण्याजोगा आहे. परंपरेनुसार दोन्ही वेळी पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग आणि तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगितला जातो. पण नोव्हेंबरात सूर्यास्त दिवसागणिक दक्षिणेकडे सरकत असतो, आणि फेब्रुवारीत उत्तरेकडे. केवळ सूर्याच्या दिशेचा प्रश्न असता, तर दोन्ही वेळचे क्रम एकमेकांच्या उलट दिसायला हवे होते. किरण कोठवर चढतात ते दारांच्या उंचीवर, बाहेरच्या अडथळ्यांवर आणि त्या दिवशीच्या धुरळ्यावर व ढगांवरही अवलंबून असते. म्हणून अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहायला हव्यात. अशा प्रश्नांनी श्रद्धेला धक्का लागतो असे मला मुळीच वाटत नाही.

शेवटी कथांविषयी. इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या मोठ्या मंदिरात २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर या दिवशी सकाळचा सूर्य आतल्या मूर्तींवर पडतो, आणि प्ताह या देवतेची मूर्ती अंधारातच राहते. हे प्रत्यक्ष दिसते. पण ते दिवस दुसऱ्या रामसेसच्या जन्माचे आणि राज्यारोहणाचे होते, ही जी जोड दिली जाते तिला तत्कालीन लेखांचा आधार नाही. १९६४ ते १९६८ या काळात हे सारे मंदिर कापून सुमारे ६५ मीटर उंचावर हलवले गेले, तेव्हा अभियंत्यांनी ती दिशा जपली. हे मला त्या कथेहून कितीतरी मोलाचे वाटते.

दिवा-ऐरोली

वरील लेखन माहितीपूर्ण आहे, परंतु एक गोष्ट मनाला खटकते. परदेशातल्या एखाद्या दगडांच्या वर्तुळाविषयी लिहिताना त्यामागे हेतू होता हे आपण चटकन मान्य करतो, आणि आपल्या मंदिरांविषयी मात्र पुराव्याची मागणी करतो. ज्यांनी शुल्बसूत्रे रचली, पंचांग सिद्ध केले आणि जयपूरला २७ मीटर उंचीचे सम्राट यंत्र, म्हणजे भव्य सूर्यघड्याळ, उभारले, त्यांच्या वास्तूंबाबत हेतू गृहीत का धरू नये?

घोडबंदर रोडवरून

आपली भावना मी समजू शकतो, आणि आपल्या परंपरेविषयी मलाही तितकाच आदर आहे. मात्र परदेशातही हीच कसोटी लावली गेली आहे, हे सांगितले पाहिजे. इजिप्तमधल्या कर्नाकच्या अमुन-रे मंदिराचा अक्ष उन्हाळी अयनदिनाच्या सूर्यास्ताकडे आहे, असे नॉर्मन लॉकियर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते. पुढे समोरच्या डोंगरामुळे ते जमत नाही असे दिसून आले, आणि त्याच अक्षाचे दुसरे टोक हिवाळी अयनदिनाच्या सूर्योदयाकडे असल्याचे मत पुढे आले. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साच्या पिरॅमिडवर संपाताच्या दिवशी सरपटणाऱ्या सर्पाची सावली दिसते, पण तशीच सावली त्याच्या मागेपुढे बरेच दिवस दिसत असल्यामुळे ती नेमका संपात दाखवण्यासाठीच योजली होती का, यावर आजही वाद आहे. आणि आपण ज्या सम्राट यंत्राचा उल्लेख केलात, तेच सवाई जयसिंहांच्या वृत्तीची साक्ष देते. प्रचलित सारण्यांतील ग्रहस्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत, हे दिसल्यामुळेच त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथे वेधशाळा उभारल्या. मोजून पाहणे ही आपलीच परंपरा आहे.

खारघरवासी

चर्चा बरीचशी अयनदिन आणि संपात यांच्याभोवती फिरते आहे, आणि त्याचे कारण असे की या विषयाचा आरंभीचा अभ्यास युरोपात झाला. स्टोनहेंज ५१ अंश उत्तरेला आहे. तेथे सूर्योदयाची जागा वर्षभरात सुमारे ८० अंश सरकते, हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगतच फिरतो, आणि म्हणून अयनदिन ही तेथील माणसांच्या दृष्टीने वर्षातली सर्वांत लक्षणीय घटना ठरते. आपण उष्णकटिबंधात राहतो. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि युरोपातल्या कोणालाही ही घटना स्वतःच्या अंगणात कधीच पाहायला मिळालेली नाही. ज्यांना आपल्या भागातल्या प्राचीन वास्तूंचा या अंगाने अभ्यास करायचा आहे, त्यांनी आधी आपले आकाश ओळखले पाहिजे, असे मला फार आग्रहाने सांगावेसे वाटते.

ठाणे-नवी मुंबईत साधारण १५-१६ मे आणि २७-२८ जुलै या दिवशी मध्यान्हीची सावली नाहीशी होते. जुलैत ढगांमुळे ते दिसणे अवघड, पण मे महिन्यात दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास कोणीही पाहू शकतो. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला एक मीटरच्या काठीची सावली दक्षिणेकडे सुमारे सात सेंटिमीटर असते. 'सूर्य दुपारी नेहमी दक्षिणेकडे असतो' हे जे मुलांच्या मनात पक्के बसलेले असते, ते या एका निरीक्षणाने दुरुस्त होते.

याच्या जोडीला एक परदेशी उदाहरण देतो, आणि ते आपल्या अगदी जवळचे आहे. मेक्सिकोतले शोचिकाल्को सुमारे १८.८ अंश उत्तरेला, म्हणजे जवळजवळ नवी मुंबईच्याच अक्षांशावर आहे. तेथे एका गुहेच्या छतातून वर जाणारी उभी नळी तयार केलेली आहे. ३० एप्रिलच्या सुमारास सूर्यप्रकाश त्या नळीतून गुहेच्या जमिनीवर पडू लागतो आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत पडत राहतो. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, सूर्य डोक्यावर असताना, तो जवळजवळ सरळ उभा खाली येतो. घोडबंदरच्या मित्राने न्यूग्रेंजबाबत जी कसोटी सांगितली ती येथेही लागू पडते, कारण खडकातून उभी नळी वर काढण्याचा खटाटोप कोणी सहज करत नाही. प्रकाशाचा हा काळ सुमारे १०५ दिवसांचा आहे आणि वर्षातले उरलेले दिवस २६० होतात. २६० दिवसांचे विधीचक्र मध्य अमेरिकेत सर्वत्र प्रचलित होते. मेक्सिकोतल्याच तेओतिवाकान या प्राचीन शहराचे रस्ते खऱ्या उत्तरेपासून साडेपंधरा अंशांनी वळलेले आहेत, आणि त्यांच्या पश्चिम टोकाला सूर्य एप्रिलच्या अखेरीस व ऑगस्टच्या मध्याआधी मावळतो. पुन्हा तोच १०५ आणि २६० चा विभाग. एकाच संस्कृतिक्षेत्रात एकच अंतर वेगवेगळ्या वास्तूंमधून वारंवार आढळणे, आणि ते त्यांच्या कालगणनेशी जुळणे, हा एकाकी वास्तूच्या अक्षापेक्षा फार मोठा पुरावा आहे. आपल्याकडेही शिलाहारकालीन मंदिरांच्या दिशा एकत्र मोजल्या, तरच काही ठोस म्हणता येईल. आणि कान्हेरी किंवा कार्ल्यासारख्या लेण्यांचा विचार करताना आणखी जपावे लागते, कारण तेथे तोंड कोणीकडे असावे हे पुष्कळदा कड्यानेच ठरवलेले असते.

ताऱ्यांशी जोडलेल्या दाव्यांबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा पूर्ण करतो, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश. सूर्याच्या उगवण्याच्या जागांवर याचा परिणाम होत नाही. अक्षाच्या कलात हळूहळू होणाऱ्या बदलामुळे पाच हजार वर्षांत त्या एखाद्या अंशाहूनही कमी सरकल्या आहेत. ताऱ्यांच्या जागा मात्र पूर्णपणे बदलतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिका हा तारकापुंज पूर्व दिशेपासून ढळत नाही, असे म्हटले आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी त्यावरून गणित करून ते निरीक्षण सुमारे इ.स.पू. ३००० चे असावे, असे मांडले. त्या वचनाचा अर्थ कसा लावायचा यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण गणिताचा भाग सरळ आहे: तेव्हा कृत्तिका नेमक्या पूर्वेला उगवत, आणि आज ठाण्यातून त्या पूर्वेच्या २५ अंशांहून अधिक उत्तरेला उगवताना दिसतात. म्हणून 'अमुक वास्तू अमुक ताऱ्याकडे वळलेली आहे' असा दावा आला, की ती नेमकी कोणत्या शतकातली, हे आधी विचारावे.

मुलांसाठी याच कारणाने महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे मकर संक्रांत. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते, आणि आपली संक्रांत ताऱ्यांशी बांधलेली असल्यामुळे १४-१५ जानेवारीला येते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकत्र होत्या. कोल्हापूरचा किरणोत्सव सूर्याच्या दिशेशी बांधलेला आहे, म्हणून त्याच्या इंग्रजी तारखा स्थिर राहतात. संक्रांत मात्र शतकानुशतके पुढे सरकत आली आहे.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. हे सारे मुद्रित करून वर्गात वाचून दाखवणार आहे. शंकूचा प्रयोग शाळेच्या मैदानावर लगेच करता येईल. अंबरनाथला पुन्हा गेलो, तर नेमके काय मोजावे, एवढे कोणी सांगाल का?

शंकुच्छाया (नेरूळ)

मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तिपाई लावून मोजणी करायची असेल तर आधी लेखी परवानगी घ्यावी. नुसत्या टेपने आणि डोळ्यांनी पाहण्याजोगेही पुष्कळ आहे, आणि पूजेची वेळ टाळून गेलात तर कोणाची अडचण होणार नाही.

पश्चिम दाराच्या उंबऱ्यापासून गर्भगृहाच्या दारापर्यंतचे अंतर, दोन्ही दारांची रुंदी व उंची, आणि गर्भगृहाची जमीन सभामंडपाच्या जमिनीपासून किती खाली आहे, या चार गोष्टी मोजाव्यात. जमीन खोल असल्यामुळे क्षितिजावर टेकलेल्या सूर्याचा आडवा किरण पिंडीच्या वरून निघून जाईल. पिंडीपर्यंत पोहोचायला सूर्य काही अंश वर असावा लागेल, आणि तो फार वर असेल तर बाहेरच्या दाराची वरची पट्टी त्याला अडवील. वरची मर्यादा आणि खालची मर्यादा यांच्यामध्ये कोन उरतो का, हे कागदावर छेदचित्र काढले की लगेच दिसेल. कोन उरलाच नाही, तर पश्चिमेकडून थेट प्रकाश पिंडीवर येण्याचा प्रश्न तेथेच निकालात निघतो. कोन उरला, तर तारीख काढताना सावध राहावे: आपल्या अक्षांशावर सूर्य मावळतीच्या जागेपासून १० अंश वर असताना सुमारे साडेतीन अंश दक्षिणेकडे असतो, आणि संपाताच्या सुमारास एवढ्या फरकाने तारीख आठ दिवसांनी बदलते. शिखराचा वरचा भाग आज नाही आणि गर्भगृह वरून उघडे आहे, त्यामुळे दुपारी वरून येणारा उजेड या हिशेबात धरू नये.

पश्चिम क्षितिजाची उंची मंदिराच्या दारात उभे राहून मोजावी. आता समोर इमारती आहेत, म्हणून त्यांच्यामागच्या जमिनीचा चढ नकाशावरील समोच्च रेषांवरून काढावा लागेल. मोजमापे येथे टाकलीत, तर स्टेलारियम या आकाश दाखवणाऱ्या संगणकप्रणालीत घालून सूर्याची स्थिती मी काढून देईन, आणि मुलांनी तीच आकडेमोड हाताने करून पाहावी.